बिनआवतनाची फटफटी

बेसा तेव्हा नागपूरच्या दक्षिणेचं साधं गाव होतं, आणि नागपुरात फटफट्या इतक्या कमी होत्या की कोणता साहेब कुठं चालला हे इतवारीतले दुकानदार डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगत. रुपरावची फटफटी मात्र आवाजाच्याही आधी ओळखू यायची. ती सीताबर्डीवरून निघाली की अजनीच्या चिमण्या उडायच्या. अजनीच्या चिमण्या बेसाच्या चिंचांवर येऊन बसल्या की गावातली माणसं रस्त्यावरची गुरं बाजूला घ्यायची. हे ज्याला खोटं वाटेल त्यानं चिमण्यांना विचारावं.

पण पौषातल्या त्या सकाळी चिमण्यांनी दगा दिला. थंडीच अशी होती की त्या चोची पंखांत खुपसून बसल्या होत्या. आणि नेमकी त्याच वेळी गावातले संत्रा-बागायतदार मारोतराव यांची लेक जयवंता रेंगी हाकत शहराकडं निघाली होती. रेंगी म्हणजे दोघा-चौघांना पळवत नेणारी हलकी बैलगाडी. मारोतरावांना मुलगा नव्हता, म्हणून बैलांचा कासरा लहानपणापासून जयवंताच्या हाती. मागं संत्र्यांनी भरलेल्या डाली, आणि डालींवर राखण म्हणून मारोतरावांची थोरली विधवा बहीण प्रयागबाई. त्या बोलायला लागल्या की विहिरीवरचा रहाट लाजून थांबे, असं गाव म्हणे.

वळणावर फटफटी अचानक समोर आली आणि तिच्या मागच्या नळीतून असा बार उडाला, की 'तहसीलदार' आणि 'नायब' मागच्या पायांवर उभेच राहिले. बैलांची ही नावं मारोतरावांनी मुद्दाम ठेवली होती. कचेरीत सारा भरून आलं की घरी गोठ्यात उभं राहून मनमोकळ्या शिव्या देता येत. रेंगी कलंडली. संत्री डालीबाहेर गेली आणि प्रयागबाई डालीत.

जयवंतानं उडी टाकली. दोन्ही बैलांच्या कपाळांवर दोन तळवे ठेवले आणि ओरडली, "बंद करा ते पयले!"

"बंद केली त... लवकर सुरू नाही होत."

"मंग त बंदच करा!"

त्यानं बंद केली. एकदम शांत झालं. संत्री घरंगळत जाऊन एकेक करून नालीत पडल्याचा तेवढा आवाज आला. फटफटीवाल्यानं डोळ्यांवरचा मोठा चष्मा वर सारला. साऱ्या तोंडावर रस्त्याची धूळ, आणि चष्म्याखालचे दोन गोल तेवढे स्वच्छ. जयवंतानं ओठ दाताखाली दाबला, तरी राग जायचा तिकडं गेलाच.

"हसता काहून?"

"दिवसाउजेडी घुबड पायलं नव्हतं कधी."

"मंग पाहून घ्या," तो संत्री वेचत म्हणाला. एकेक संत्रं आपल्या कोटाला पुसून, जणू अंडं आहे असं, तिच्या ओंजळीत ठेवू लागला. "रोज या रस्त्यानं नाही येत घुबड."

डालीतून आवाज आला, "जयवंते! त्याले सांग, आधी मले उचल, मंग संत्रे!"

प्रयागबाईंना उचलून झालं, संत्री भरून झाली. जयवंता कासरा हाती घेत म्हणाली, "आता शहरापर्यंत आमच्या मागं चालायचं. बैलं बुजले हायेत. बैलाच्या पुढं गेले त या रस्त्यावर तोंड दाखवायचं नाही."

"अन् दाखवायचं असन त?"

"त... मागंच राहा."

तो मागंच राहिला. वाऱ्यानं थंड होणारं ते यंत्र बैलाच्या चालीनं चालवणं म्हणजे चुलीवर बसून भजन करणं. अजनी यायच्या आत इंजिन इतकं तापलं, की त्यावर पापड भाजता आले असते. प्रयागबाई पुढं सांगत की वासावरून कोणीतरी भाजलेच होते. शेवटी फटफटी धापा टाकून थांबली. जयवंतानं मागं वळून पाहिलं. तो उतरून ते धूड हातांनी ढकलत होता... कपाळावर घाम, थंडीत! पण बैलाच्या पुढं नाही म्हणजे नाही.

ती वळणापाशी थांबली. एक संत्रं मागं फेकलं. त्यानं ते झेललं. मग मात्र तिनं शहर येईपर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही. पण तहसीलदार सांगू शकला असता की त्या दिवशी कासरा सारखा मागं ओढला जात होता.

रुपराव शेतकी खात्यात होता. संत्र्याच्या झाडांना डिंक्या रोग लागला आहे का, ते बागोबाग फिरून पाहायचं, हे त्याचं काम. फटफटी त्यानं विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून जुनी घेतली होती. मारोतरावांच्या बागेत डिंक्या औषधालाही नव्हता. तरी शेतकी खात्याचा माणूस आठवड्याला येई, झाडामागून झाड तपाशी, आणि विहिरीकाठच्या झाडापाशी त्याला फार वेळ लागे. जयवंताला पाणी शेंदायला नेमका तेवढाच वेळ लागे.

"या झाडाले झालं का हो काई?" ती दोर ओढता ओढता विचारी.

"झाडाले नाही झालं."

"मंग कोणाले झालं?"

"तपासून राहिलो," तो साळसूदपणे म्हणे.

एकदा तिनं फटफटीभोवती फेरी मारून विचारलं, "हे खाते किती?"

"गॅलनभर पेट्रोल पाजलं की वर्धा गाठते. अन् उभी असली की काहीच खात नाही. बैलाचं तसं हाय काय? उभ्यानं खाते, बसून खाते, अन् झोपेतही रवंथ करते."

"अन् पडले-गिडले त?"

"दोन ब्रेक हायेत. बैलाले एकच कासरा."

जयवंतानं घागर डोक्यावर घेतली. "बाबा बाजारातून येताना रेंगीत झोपून जाते. तहसीलदार-नायब बराबर दारात आणून उभे करते. तुमची फटफटी झोपलेल्या माणसाले घरी आणते काय?"

रुपराव डोकं खाजवू लागला.

"मंग?" ती म्हणाली. पण जाताजाता वळली, आणि आवाज उतरला. "म्हणून म्हणतो... बैलाच्या चालीनं चालवत जा. रोज सांजेले तो आवाज दूर गेला की मी कान लावून बसतो... अजनीपर्यंत."

"शपथ घेऊ?"

"घ्या."

"तुमी 'शपथ सोडली' म्हणत नाही, तोवर बैलाच्या पुढं नाही जाणार." त्यानं टाकीवर हात ठेवून शपथ घेतली. त्या दिवसापासून बेसाच्या शिवेत फटफटी अशी चाले, की गावातली कुत्रीसुद्धा तिच्या मागं धावायची सोडून शेजारून चालत जात.

ज्येष्ठात रुपराव सरळ मारोतरावांच्या ओसरीवर जाऊन बसला. घराणं जातीतलं, पोरगा शिकलेला, नोकरी सरकारी. त्याला वाटलं, होकार मिळेलच. मारोतरावांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि अडकित्ता फटफटीकडं रोखला.

"दोन चाकावर काय भरोसा, गा? पोट्टी माही एकुलती एक हाय."

रुपराव गेला, आणि पंधरवड्यानं आला तो तिसरं चाक घेऊन. सुताराकडून, रेंगीत माणसं बसतात त्या साट्यासारखी एक ऐसपैस बैठक करून घेतली होती आणि ती एका चाकावर बसवून फटफटीच्या बाजूला जोडली होती. प्रयागबाईंनी तिला 'सुनेची टोपली' म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

मारोतराव म्हणाले, "ठीक. अन् खर्च? रोज पेट्रोल पाजशील, का माह्या पोट्टीले पोळी खाऊ घालशील?"

रुपरावनं गॅलन, मैल, वर्धा सगळं सांगितलं. बैल उभ्यानं खातो, हेही सांगितलं.

"हाव, खाते बैल," मारोतराव शांतपणे म्हणाले, "पण शेण देते. त्या शेणावर माही बाग उभी हाय. तुही फटफटी काय देते? धूर! तो झाडाले घालू?"

शेण! शेतकी खात्याचा माणूस स्वतःच बागोबाग शेणखत घालायला सांगत फिरे. वर मारोतरावांनी सांगून टाकलं, की काटोलकडचं स्थळ आलं आहे, घरी बैलांच्या चार जोड्या आहेत, आणि पोळा आटोपला की पाहुणे सुपारी फोडायला येणार.

पोळ्याच्या आदल्या सांजेला झड लागली होती. गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस एकसुरी वाजत होता. जयवंता तहसीलदार-नायबाचे खांदे लोणी-हळदीनं चोळत होती. वर्षभर जू वाहिलेले ते खांदे. मग वहिवाटीप्रमाणं दोघांच्या कानाशी जाऊन तिनं आवतन दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आवतन घेतलेला बैल दुसऱ्या दिवशी पाहुणा. त्याच्या खांद्यावर जू ठेवणं सोडा, साधी दोरीही कोणी टाकत नाही.

"पुढच्या वर्षी काटोलच्या बैलाले आवतन देईन मी," ती तहसीलदाराच्या कानात म्हणाली. तहसीलदारानं कान हलवला. तिला तो नकारच वाटला, आणि ती त्याच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली बैलांची ओळ. झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड... आणि ओळीच्या अगदी शेवटी रुपरावची फटफटी! पाठीवर घोंगडीची झूल, दिव्याला बाशिंग, हँडलला मण्यांच्या माळा. गावानं आ वासला. रुपरावनं छाती फुगवून झडती, म्हणजे तोरणाखाली म्हणायचं पोळ्याचं कवन, म्हटली,

"चार पायांचा राजा, तीन चाकांची घोडी,
कडबा नाही, पेंड नाही, तेल पिते थोडी,
तोरणाखाली उभी केली, पाहून घ्या हो खोडी...
हर बोला, हर हर महादेव!"

गाव खदखदून हसलं. गावातले सगळ्यात म्हातारे नत्थूजी काठी आपटत म्हणाले, "अरे, झडती झाली! आता हा बैलच झाला, बाप्पा!"

तोरण तुटलं, बैल घरोघरी निघाले. रुपरावची घोडी मारोतरावांच्या दारी येऊन उभी राहिली. पोळ्याला दारी आलेला बैल ओवाळल्याशिवाय परत धाडत नाहीत. जयवंतानं तहसीलदाराचे पाय धुतले, नायबाला ओवाळलं. मग तिचा हात घुटमळला... आणि तिनं फटफटीच्या दिव्याला कुंकू लावलं. टाकीवर पुरणपोळी ठेवली. वर मान केली, तर रुपराव तिच्याकडंच पाहत होता. पातळाचा पदर सावरताना तिच्या हातातलं निरांजन हललं.

ते प्रयागबाईंनी पाहिलं. कमरेवर हात ठेवून, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं तोंड उघडून त्या कडाडल्या, "मारोत्या! आयकून घे! हा पोट्टा आपल्या घरात—"

खट्ट.

तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. जबडा निखळला होता. डोळे गरगर फिरले, हात हवेत नाचले, पण शब्द नाही. प्रयागबाई गप्प! गाव आधी हसलं, आणि मग एकदम घाबरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हाडं बसवणारा गावातला माणूस पोळ्याला लेकीकडं गेला होता. दवाखाना शहरात. मारोतराव धावत गोठ्यात गेले, जू उचललं... आणि तसेच उभे राहिले. झुली पांघरलेले, पुरणपोळी खाल्लेले दोन पाहुणे त्यांच्याकडं पाहत होते.

"बाई, काय करू वं?" त्यांनी गोठ्यातूनच ओरडून विचारलं. प्रयागबाईंनी उघड्या तोंडानं जोरजोरात मान हलवली. नाही, आज बैल जुंपायचे नाहीत!

"फटफटी हाय नं!" रुपराव ओरडला आणि झूल ओढून काढायला धावला.

"थांब!" नत्थूजींची काठी आडवी आली. "तोरणाखालून आली. झडती झाली. कुंकू लागलं, पोळी खाल्ली. साऱ्या गावानं बैल म्हटलं. आता आजच्या दिवशी कशी जुंपशील, गा?"

माणसांनी माना डोलावल्या. कोणी हसलं नाही. रुपरावचा चेहरा पांढराफटक पडला. ज्यांचं मन जिंकायला सोंग केलं, त्यांच्याच बहिणीचा जीव त्या सोंगापायी अडला होता.

तेवढ्यात जयवंता पुढं झाली. बापासमोर, गावासमोर.

"नत्थूआजा, मले सांगा, काल सांजेले हिचे खांदे कोणं मळले?"

"हिले खांदे कुठं हायेत वं?"

"बरं. आवतन कोणं देलं?"

नत्थूजींनी रुपरावकडं पाहिलं. रुपरावनं जमिनीकडं.

"नाही देलं नं? मंग हे कायचा बैल? लोणी नाही, हळद नाही, आवतन नाही. बिनबोलावता येऊन पंगतीत बसली, अन् पोळी खाऊन बसली. आता काम करून फेडू द्या तिले!"

नत्थूजींचं बोळकं हळूहळू उघडलं. "खरं बोलते पोट्टी! बिनआवतनाची हाय ही. चालव, गा, चालव!"

टोपलीत प्रयागबाई बसल्या, शेजारी त्यांची हनुवटी पदरानं धरून जयवंता, आणि रुपरावच्या मागं घोड्यावर बसावं तसे मारोतराव. फटफटी निघाली... बैलाच्या चालीनं. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला. तापल्या इंजिनावर थेंब चुरचुरत होते. मारोतराव सवयीनं "च्यक् च्यक्, हो हो" करत रुपरावच्या पाठीवर थापा मारत होते.

"अरे, पळव नं! मुंगी पुढं गेली!" शेवटी ते ओरडले.

"पळवता येत नाही, मामाजी. शपथ हाय."

"कोणाची?"

 रुपरावनं बाजूच्या टोपलीकडं पाहिलं. प्रयागबाईंनी एका हातानं जयवंताचं मनगट आवळलं होतं, आणि तोंडातून नुसतं "आँ... आँ..." येत होतं. जयवंतानं एकदा रस्ता पाहिला, ओला, खड्ड्यांचा. एकदा ब्रेकवरची त्याची बोटं पाहिली. पहिल्या दिवशी अंड्यासारखी संत्री उचलणारी तीच बोटं.

"सोडली," ती म्हणाली.

"आयकू नाही आलं!"

"शपथ सोडली, म्हणतो! पळवा!" आणि मग त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू, "मी भेतो... पण तुमच्या संगं कमी भेतो."

मग त्या फटफटीनं जे केलं ते साहेबाच्या हाताखालीही कधी केलं नव्हतं. बाभळी मागं पळाल्या. मारोतरावांचा फेटा उडाला तो म्हणे उमरेडच्या बाजारात सापडला. रुपराव खड्डा चुकवी, चिखल चुकवी, वळणाआधी वेग उतरवी. टोपलीतल्या दोघींना धक्का म्हणून लागला नाही. शेवटी नाल्याशी आले. तिथला चर मात्र रस्ताभर आडवा होता.

"धरून राहा!" तो ओरडला.

फटफटी उडाली. क्षणभर तिन्ही चाकं हवेत. खाली आली.

खट्ट.

दोन्ही ब्रेक लागले. फटफटी जागच्या जागी थांबली.  प्रयागबाईंनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. मारोतराव उतरून, चिखलात गुडघे टेकून, रडवेल्या आवाजात म्हणाले, "बाई... बोल नं वं. शिव्या दे, पण बोल!"

प्रयागबाईंनी एकदा भावाकडं पाहिलं. मग रुपरावकडं, तो त्यांना कुठं लागलं का, म्हणून टोपलीच्या कडा चाचपत होता. मग जयवंताकडं. तिची बोटं अजून आत्याच्या हनुवटीवर होती आणि डोळे भलतीकडंच.

"—जावई म्हणून आला पाह्यजे," प्रयागबाई म्हणाल्या.

"काय?"

"मघाचं राह्यलं होतं नं माह्यं बोलणं? ते पुरं केलं. हा पोट्टा आपल्या घरात जावई म्हणून आला पाह्यजे! काटोलवाल्यांले निरोप धाड. चार जोड्या असन त्याहिच्या घरी. पोळ्याच्या दिवशी साऱ्याच उभ्या राहतीन!"

मारोतराव हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. अंगातलं सगळं भय उतरल्यावर माणूस जसा हलका होतो, तसे हलके झाले. "पण शेण, बाई? शेण नाही देत हे."

"शेणाले तहसीलदार हाय नं!"

त्या दोघांचं भांडण सुखानं सुरू झालं. रुपराव नाल्याचं पाणी आणायच्या निमित्तानं बाजूला गेला. जयवंता पदर पिळायच्या निमित्तानं.

"आता रोज किती जोरात चालवू?" त्यानं विचारलं.

"एकटे असले की बैलाच्या चालीनं."

"अन् तुमी संगं असल्या की?"

तिनं पिळलेला पदर त्याच्या तोंडावर झटकला. "त... अजून हळू. घर लवकर येऊ नये."

लग्न मार्गशीर्षात झालं. वरात फटफटीवरून निघाली, आणि अजनीच्या चिमण्या आठ दिवस परतल्या नाहीत.

लगेचच्या पोळ्याला दोघं आदल्या सांजेला बेसाला आले. सकाळी आवरून नागपूरला परतायचं होतं. रुपरावला कचेरी होती. अंगणात येऊन पाहतात, तर मारोतराव फटफटीच्या हँडलला लोणी-हळद चोळत आहेत. दोन्ही बाजूंना, सावकाश, वर्षभराचा शिणवटा काढावा तसं. मग ते दिव्याशी वाकले आणि हळूच म्हणाले, "आज आवतन घे. उद्या जेवाले ये."

"मामाजी!" रुपराव कळवळला. "आता उद्या ही जुंपता येत नाही! मी कचेरीत जाऊ कसा?"

"जाऊच नका," मारोतराव म्हणाले, आणि हात पुसत गोठ्यात गेले.

जयवंता ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. तिच्याही बोटांना लोणी-हळद लागलेली होती.

"हे तुमचं काम," रुपराव म्हणाला.

"मी फक्त बाबाले लोणी नेऊन देलं," ती म्हणाली, आणि पिवळं बोट त्याच्या खांद्यावर टेकवलं. "आवतन घ्या."